बियाण्याची एकोणीस फुलं

जुईनगर,
७ ऑक्टोबर २०२५

ती. भागीरथीवहिनींना शिवरामचा नमस्कार.

आम्ही रविवारी सुखरूप घरी पोचलो. पोचल्यावर फोन केला होता. तुम्ही तीनदा "कोण? कोण?" केलंत आणि "इथं कुणी शिवराम राहत नाही" म्हणून ठेवून दिलात. कानाचं यंत्र कपाटात आणि फोन कानाला, मग दुसरं काय होणार! म्हणून पुन्हा आपली जुनी रीत, कागद आणि पेन. मी चौथी शिकलेला, पुढचं सगळं द्रोणागिरीच्या वजनकाट्यावर ट्रकांच्या पावत्या वाचत शिकलो. अक्षर तेव्हापासून असंच आहे, सांभाळून घ्या.

दिलीपदादा गेल्यावर पहिल्यांदाच आलो तुमच्याकडे. तीन वर्षं झाली. यायला उशीर केला, हे डोक्यात आहे.

प्रवास काय सांगू! गाडी भाड्याची आणि ड्रायव्हर घरचा. सौरभला लायसन मिळून दोन महिने झालेले. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारा पोरगा, एक्सप्रेस वेवर स्टेअरिंग असं धरून बसला होता की जणू बैल उधळलाय आणि कासरा सुटेल. पहिला मुक्काम पवना धरणाच्या काठाला. सकाळी उठून बघतो तर पाण्यावर धुकं आणि पलीकडे डोंगर असा की हात लावला तर ओला लागेल. ईश्वरी म्हणाली, "आजोबा, हे स्क्रीनसेव्हरसारखं आहे." नऊ वर्षांची पोर, तिला खरं काय आणि चित्र काय ते उलटं दिसतं.

दिवे घाटात मी सौरभला एवढंच म्हटलं, "गियर खाली घे, इंजिन रडतंय." तर मागून सूनबाई शर्मिला म्हणाली, "बाबा, आज एक दिवस तरी शिकवणी बंद ठेवा ना. हॉलिडे आहे." सगळे हसले. मीही हसलो. मग सासवड येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो. कडेच्या रानात सोनकी काय फुलली होती! डोंगराला हळद लागली म्हणा ना.

तुमचं पिठलं आणि बाजरीची भाकरी शर्मिलाला अजून आठवते. घरी सौरभला डाएट सांगणारी बाई, तुमच्याकडे दोन भाकऱ्या खाऊन उठली.

रानही बघितलं. छान आहे.

फोटो पाठवायचे आहेत, पण सौरभला ऑफिसातून उसंत नाही. एक सहज विचारतो. अलीकडे सगळे नर्सरीतून तयार रोपं आणतात. तुम्हीही आणता का, की दादांसारखं घरचंच बी अजून धरता? सहज आपलं.

निशांतला आणि क्रांतीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमचा
शिवराम


बोरमाळ,
१३ ऑक्टोबर

शिवरामभावजींना नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही आलात, घर भरल्यासारखं वाटलं. पोर गोड आहे.

तुम्ही बियाण्याचं विचारलंत आणि माझ्या काळजात चर्र झालं. तुम्हाला कसं नेमकं सुचलं कोण जाणे. भावजी, माझं बी गेलं.

ह्यांनी वीस वर्षं तो गावठी झेंडू राखला होता. तांबडा, बारक्या देठाचा, आठ दिवस बाजारात ठेवला तरी मान टाकत नाही. दरसाल दसऱ्याच्या तोड्यात वरचं सगळं रान मोकळं करायचं आणि उत्तम झाडांची फुलं तेवढी दोरा बांधून झाडावरच वाळवायची. दोरा दिसला की आमच्याकडे लहान पोरसुद्धा हात लावत नाही. वरच्या वावरात एकोणीस ठेवली होती. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बघते तर एक नाही. दोरेसुद्धा नाहीत. जनावरानं खाल्लं असतं तर दोरे पडले असते.

तुम्हाला म्हणून सांगते. घरचीच गोष्ट आहे. क्रांतीच्या भावाचा साखरपुडा होता तुम्ही आलात त्याच दिवशी. तुम्हाला चहा देऊन ती फुलांची पाटी घेऊन दुपारी माहेरी गेली. मी विचारलं, पाटीत कुठली फुलं होती? म्हणे खालच्या वावरातली. मी म्हटलं, मग वरची पाय फुटून गेली? त्यावर ती जी गप्प झाली ती झालीच. पोरीला मीच तयार केली हो. दोरा कसा बांधायचा, बी कधी खुडायचं, राखेत कसं घोळायचं, सगळं हिच्याच हाती द्यायचं ठरवलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं, आता सांगू कुणाला?

सांगायचं नव्हतं, पण डेअरीवर दूध घालताना तोंडातून निघून गेलं. माझं बोलणं म्हणजे दवंडी. मला वाटतं हळू बोलले, आणि चार घरं ऐकतात.

निशांत म्हणाला, "आई, त्या दिवशी मुंबईची माणसंपण रानात होती." मी त्याला गप्प केलं. म्हटलं, शिवरामभावजी बरोबर होते. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस आहे, त्याच्या आईनं उभा जन्म बी राखलं. ते बरोबर होते म्हणून तर मी निर्धास्त चुलीपाशी बसले.

एक काम करा. क्रांती तुम्हाला मानते. तुम्ही वडीलधारे. तिला दोन शब्द समजुतीचे लिहा, की चूक झाली तर कबूल करावी, त्यात कमीपणा नाही.

तुमची
भागीरथी


जुईनगर,
१७ ऑक्टोबर

ती. वहिनींना नमस्कार.

पत्र पोचलं. वाईट वाटलं. पण वहिनी, फूल ते फूल आणि माणूस ते माणूस. एवढं मनाला लावून घेऊ नका. माकडांचं काही सांगता येत नाही. परवाच आमच्या सोसायटीत कुणी सांगत होतं, माकडं हल्ली वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्याही पळवतात.

इथे वाशीला एका दुकानात चांगलं पाकिटातलं बी मिळतं. पाठवू का? रंग तोच म्हणतात.

क्रांतीला पत्र लिहायला बसलो होतो. पण या वयात माझा हात कापतो. बघतो.

दिवाळी तोंडावर आली. शर्मिलानं चकल्या केल्यात, कुरिअरनं पाठवतो. तुम्हा सगळ्यांना दिवाळी आनंदाची जावो.

शिवराम


बोरमाळ,
२४ ऑक्टोबर

शिवरामभावजी,

चकल्या मिळाल्या. डब्यात तशाच आहेत.

पाकिटाचं बी नको. माकडं आमच्याकडे येत नाहीत.

तुम्हाला कळवायचं म्हणून लिहिते. पाडव्याच्या दिवशी क्रांतीनं कबूल केलं. निशांत ताटावरून उठायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "मी तोडली. भावाच्या साखरपुड्याला. झालं आता?" मी तिला तिथंच माफ केलं. म्हटलं, पोरी, वेळेत सांगितलं असतंस तर एवढं झालं नसतं. डोक्यावर हात ठेवायला गेले तर ती मागं सरली.

काल भाऊबीजेला माहेरी खळवाडीला गेली ती परतली नाही. आज सकाळीच निरोप आलाय की आता येणार नाही, निशांतला वाटत असेल तर त्यानं सासवडला खोली बघावी. निशांत तेव्हापासून फोनवर भाड्याच्या खोल्या विचारतोय.

मागच्या सरीला दोन-चार खुरटी झाडं राहिली होती, त्यांचं बी धरलंय. त्यातून काय उगवेल ते उगवेल. पुढल्या साली वरचं वावर दुसऱ्या कुणाला कसायला द्यावं म्हणते. एकटीनं कुठवर?

मी माफ केलं, मग ती अशी का वागते, एवढं मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर लिहा.

भागीरथी


जुईनगर,
२७ ऑक्टोबर

वहिनी,

मला कळतं.

हे पत्र तुम्ही निशांतला मोठ्यानं वाचायला सांगा. मग क्रांतीकडे न्या. आधी वाचून मग "भावजींची अब्रू" म्हणून चुलीत घालू नका, एवढी विनंती.

फुलं आम्ही तोडली. एकोणीसच्या एकोणीस. मी तिथं उभा होतो.

तुम्ही म्हणालात, "जा, रान बघून या," आणि आम्ही वर गेलो. दसऱ्याचा तोडा झालेला, सगळं रान कापलेल्या मिशीसारखं. ईश्वरीचा चेहरा उतरला. "फ्लॉवर फार्म म्हणाला होतात ना?" आणि मग बांधाच्या कडेला ती दिसली. वाटीएवढी, तांबडी, देठाला दोरा. शर्मिला म्हणाली, "अय्या, बघा ना, आपल्यासाठी सजवून ठेवलीत!"

तिला काय माहीत? तिचा जन्म मुलुंडचा. तिला दोरा म्हणजे सजावट. पण वहिनी, मला दोरा दिसला आणि दिसल्याबरोबर कळलं. माझ्या आईनं लुगड्याच्या काठातून दोरे काढून बांधलेत, मी धरून उभा राहिलोय.

आणि मी बोललो नाही.

का, तेही सांगतो, लाज गिळून. घाटात सूनबाई "शिकवणी बंद" म्हणाली, ते मी तुम्हाला गंमत म्हणून लिहिलं होतं. गंमत नव्हती. तासभर ते सलत होतं. मी मनात म्हटलं, नको ना तुम्हाला म्हाताऱ्याचं सांगणं? मग घ्या. एक "थांबा" म्हणायला किती श्वास लागतो? तेवढा मी धरून ठेवला. रुसलेल्या पोरासारखा. रुसवा माझा, आणि भोगलं कुणी?

एवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणवलो असतो. पोर म्हणाली, फोटोत दोरा चांगला दिसत नाही. मी म्हटलं, आण इकडे. एकेक दोरा मी नखानं सोडवला, खिशात घातला. तुम्ही लिहिलंत ना, जनावरानं खाल्लं असतं तर दोरे पडले असते. ते जनावर तुमच्या पिठल्याला बसलं होतं.

फुलं गाडीच्या पुढच्या जाळीत खोचली. पोरांची हौस. भाड्याच्या गाडीला! गाडी खाली ओढ्यापाशी लावलेली, तुम्हाला दिसली नाही. दिवे घाटात निम्मी वाऱ्यानं उडाली. पनवेलला उतरून बघितलं तर जाळीत नुसते देठ. वीस वर्षं दादानं राखलं, ते आम्ही एका दिवसात रस्त्यावर सांडत आलो.

फोटो पाठवू नका, असं सौरभला मीच सांगितलं. पहिल्या पत्रात मुलाच्या ऑफिसवर ढकललं. माकडांचंही खोटं. तुम्ही क्रांतीची समजूत घालायला सांगितलंत, तेव्हा तीन दिवस ते पत्र गादीखाली होतं. तरी वाटत होतं, जाईल विसरून. दोन बायकांचं भांडण, दिवाळीत मिटेल. आणि मग तुम्ही लिहिलंत की पोरीनं कबूल केलं. माझं पाप एका लेकरानं आपल्या नावावर घेतलं, चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि मी इथं चकली खात होतो.

काल सकाळी पोहे खाताना सगळ्यांपुढे सांगितलं. सौरभ भडकला. "बाबा, एक शब्द! एक शब्द बोलला असतात तर!"

"तुम्हीच शिकवणी बंद केली होतीत."

"म्हणजे आता हे आमच्यावर?"

"नाही रे. माझ्यावरच. सवयीनं बोललो."

शर्मिलानं बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "चिखल होता म्हणून क्रांतीनं मला तिची चप्पल काढून दिली होती. ती अनवाणी गेली गोठ्यात." आणि उठून आत गेली. ईश्वरी विचारत होती, "आजोबा, मी चोरी केली?" मी म्हटलं, नाही बाळा, तू फुलं तोडलीस. चोरी मी केली.

वहिनी, तुम्ही क्रांतीला माफ केलंत ते तिला गिळवलं नाही, कारण माफ करायला तिथं काही नव्हतंच. माझी माफी मी तुमच्याकडे मागत नाही. आधी तिचं नाव धुवा.

तुमच्या विश्वासाला अपात्र,
शिवराम


खळवाडी,
३ नोव्हेंबर

शिवरामकाका,

ह्यांनी तुमचं पत्र इथं अंगणात वाचलं. माझी आई होती, भाऊ होता. आई, म्हणजे सासूबाई, आल्या नव्हत्या. त्यांनी पत्र पाठवलं, त्या स्वतः आल्या नाहीत. उत्तर काय द्यायचं विचारत होते. मी म्हटलं, मीच देते.

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पण लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. मला राग आहे. आठ वर्षं त्या रानात राबले. एकोणीस दोरे होते ना, त्यातले अकरा मी बांधले होते. मी तोडीन? आईंना एकदासुद्धा वाटलं नाही की ही तोडणार नाही. मुंबईचे पाहुणे तोडणार नाहीत एवढं मात्र खात्रीनं वाटलं.

खोटं का कबूल केलं, ते विचारतात सगळे. पाडव्याला मी ह्यांना ओवाळलं आणि ह्यांनी ताट सारलं. दोघींच्या मधे माणूस सुकत चालला होता. म्हटलं, घर शांत होत असेल तर घेते माझ्यावर. पण काका, न केलेल्या चुकीची माफी गळ्याखाली उतरत नाही. मारलं असतं तर चाललं असतं. डोक्यावर हात ठेवायला आल्या, तेव्हा मला तिथं उभं राहवेना.

आता तुम्ही म्हणता, नाव धुवा. कसं? तुमच्या पत्रानं अंगणात धुतलं गेलं. पण माझं नाव अंगणात गेलं नव्हतं, डेअरीवर गेलं होतं. सकाळी सहा वाजता, अख्खं गाव कॅन घेऊन उभं असतं तिथं. साखरपुड्याची नवी माणसंसुद्धा म्हणाली, तुमच्या मुलीनं म्हणे चोरीची फुलं आणली होती. माझ्या भावाच्या सासरचे.

तुम्हाला खरंच वाटत असेल तर तिथं सांगा. पत्रानं नाही. तोंडानं.

शर्मिलाताईंना सांगा, चपलेचं काही नाही. पाहुण्यांना देतातच.

क्रांती


जुईनगर,
१० नोव्हेंबर

चि. क्रांतीस,

सांगून आलो.

शुक्रवारी एसटीनं निघालो. सौरभ म्हणत होता गाडी घेऊ, मी नको म्हटलं. एकटाच गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. त्यांनी वाढलं, मी खाल्लं. लाजेलाही भूक लागते, बेटा.

शनिवारी सहाला डेअरीवर उभा राहिलो. गर्दी बरीच. फॅट लावणारा पोरगा काचेची नळी हलवत होता. मला वाटलं होतं, गेल्यागेल्या बोलून टाकू. पण तीन माणसं पुढं गेली. मग मी मोठ्यानं म्हटलं, "मंडळी, मी दिलीपरावांचा मावसभाऊ शिवराम, नवी मुंबईहून आलोय. वरच्या वावरातली बियाण्याची फुलं क्रांतीनं तोडली नाहीत. आम्ही तोडली. दोरे मी सोडले, माहीत असून. तिनं खोटं कबूल केलं ते घरासाठी."

मी थांबलो. वाटलं, आता कुणी थुंकेल, कुणी शिव्या देईल. त्यासाठी तयारी करून गेलो होतो. पण मागून एकानं म्हटलं, "आजोबा, झालं असेल तर जरा सरका, कॅन ठेवायचाय."

मी सरकलो. तेवढीच माझी किंमत होती, ती कळली.

पण ऐक. वहिनी माझ्यामागं कॅन घेऊन उभ्या होत्या, मला माहीत नव्हतं. त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, "काय म्हणाले?" तिनं कानात सांगितलं. त्यावर वहिनी बोलल्या. तुला त्यांचा आवाज ठाऊक आहे. "ते म्हणाले ते निम्मं. सुनेवर आळ मी घेतला. पाहुण्यावर भरोसा ठेवला आणि घरच्या लेकीवर नाही. इथंच बोलले होते, म्हणून इथंच सांगते." तेव्हा मात्र फॅटची नळी हलायची थांबली. फूल कुणी तोडलं याचं गावाला फार काही नव्हतं. म्हातारी चारचौघांत स्वतःचं चुकलं म्हणतेय, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

घरी येताना मी म्हटलं, "वहिनी, चला, आजच खळवाडीला जाऊ. मी बोलतो क्रांतीशी." तर रस्त्यातच थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही पुढं होऊ नका भावजी. तुमचं तुम्ही केलंत. हे माझं मी बघते." मी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांना असं खाली बघून चालताना पाहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी येताहेत तुझ्याकडे. हे पत्र त्याआधी मिळावं म्हणून आजच टाकतोय. तू त्यांना आत घे, असं मी लिहिणार नाही. तो हक्क मी त्या बांधावर घालवला. तुला वाटलं तर घे, नाही वाटलं तर नको.

मी विचारलं, "तिनं दार नाही उघडलं तर?"

"ओट्यावर बसेन," म्हणाल्या. "दिवसभराची भाकरी बांधून नेईन."

तुझा अपराधी,
शिवरामकाका